लिहून देणार हयात आहेत

टोकन अठ्ठेचाळीस.
खिडकीतला मुलगा आधार कार्ड आणि कुलमुखत्यारपत्र
शेजारी शेजारी ठेवतो, पत्रिका जुळवायला ठेवतात तसं,
आणि विचारतो, "मृणालिनी लोंढे कोण?"

मीच होते.
आता मृणालिनी खळदकर. पुन्हा.
पिशवीतून निकालाची नक्कल काढते,
कौटुंबिक न्यायालय, शिवाजीनगर, कोपऱ्यात चहाचा डाग.
तो वाचतो, आठ्या घालतो.
"घटस्फोट झालाय, तरी त्यांच्यासाठी सही तुमची?"

नलावडे वकीलबाई फाईलमधून मान वर न करता सांगतात,
"घटस्फोटानं नवरा जातो, मुखत्यारी जात नाही.
ती रद्द करावी लागते, लिहून.
नाहीतर देणारा मरावा लागतो, किंवा भ्रमिष्ट व्हावा लागतो."
मग माझ्याकडे वळून, "यातलं काही झालंय?"
भ्रमिष्टाबद्दल मला जुनी शंका होती.
बोलले नाही.

अकरा वर्षांपूर्वीचा कागद. मस्कतच्या वकिलातीचा शिक्का,
आता जांभळाही धड नाही.
बिबवेवाडीच्या फ्लॅटचं वीजबिल भरणे,
भाडेकरू ठेवणे, काढणे, टपाल घेणे,
सोसायटीच्या सभेस हजर राहणे.
राहिले. गच्चीच्या गळतीवरून भांडलेसुद्धा, त्याच्या वतीनं.
मुलाचं बोट सातव्या कलमावर अडतं.
"बिल्डिंग पाडायची परवानगी यात कुठंय?"
वकीलबाई बोट उचलून नवव्यावर ठेवतात:
'सदर मिळकतीच्या पुनर्विकासाबाबत करार करणे.'
इमारत पडणार हे उपेंद्रला तेव्हाच दिसलं होतं.
त्याला लांबचं छान दिसायचं.

आणि शेवटी, ठशात:
'मुखत्यारांनी केलेले प्रत्येक कृत्य
मी स्वतः केले असे समजून
मला मान्य, कबूल व बंधनकारक राहील.'
लग्नात याच्या निम्मंही कुणी कबूल केलं नव्हतं.

उरतं घोषणापत्र. छापील, गाळलेल्या जागा भरा.
मुखत्यारपत्र रद्द झालेले नाही.
लिहून देणार हयात आहेत.
खोटे आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन.

पेन थांबतं.
आवाज ऐकून सहा वर्षं झाली.
जिन्यात जाते, झेरॉक्सच्या रांगेपलीकडे.
इथं अकरा, तिथं साडेनऊ.
रिंग वाजते. वाजतच राहते.
इतका वेळ फोन न उचलणारा माणूस
कायद्याच्या दृष्टीनं काय समजायचा?

"हॅलो?"
"हयात आहेस ना?"
तोच कोरडा खोकला, सकाळी बेसिनपाशी यायचा तो.
"आहे. लेखी पाहिजे का?"
"नको. आणि ते रद्द नाही ना केलंस?"
"काय?"
"मुखत्यारपत्र."
"विसरलो होतो." मग जरा थांबून,
"नाही, विसरलो नव्हतो."
पुढं काहीतरी म्हणाला,
पण खालून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता,
आणि मी पुन्हा म्हण, असं म्हटलं नाही.

अंगठा यंत्रावर तिसऱ्यांदा उमटतो.
कॅमेऱ्याकडे बघा. हसू नका.
पान छापून येतं, गरम:
लिहून देणार, उपेंद्र वामन लोंढे, वय अठ्ठावन्न,
आणि त्या नावापुढं
छायाचित्र माझं.

"नीट वाचून घ्या," मुलगा म्हणतो,
"नंतर दुरुस्ती होत नाही."

वय चुकलंय, म्हणते मी.
एकोणसाठ करा. गेल्या मंगळवारी झालं.