मुद्देमाल क्रमांक सात

रजिस्टरात रकाने असतात :
वस्तू, नग, वर्णन, अंदाजे किंमत.
मी लिहिलं – घोडी, एक, जिवंत.
काळी, पंचकल्याणी, गळ्यावर देवमण,
जिभेवर जखमा, जुन्या आणि ताज्या.
नाव काजळी.
नावाला रकाना नव्हता, समासात लिहिलं.

माळेगावच्या जत्रेत, माणसांच्या गोलात
ती सुंभाच्या बाजेवर उभी होती, मागच्या दोन पायांवर,
आणि लोक तिच्या कपाळावरून नोटा ओवाळून
हलगीवाल्याला देत होते.
मी बंदोबस्तावर होते.
खोटं कशाला बोलू,
टाळीसाठी हात वर आलाच होता
तेवढ्यात डॉ. केंद्रे मॅडमनी तिचा ओठ उचलून दाखवला.

लगाम वेगळा नोंदवला. क्रमांक आठ.
लोखंडी, चारशे दहा ग्रॅम,
आतून काटे : या बाजूला अकरा, त्या बाजूला दहा,
एक तुटलेला.
तुटलेला कुठं गेला, ते कुणी विचारलं नाही.

इरबा सोनटक्के, वय एकसष्ट, धंदा चाबूकस्वार,
बाकावर गुडघे जवळ घेऊन बसला होता.
"माझ्या बापानं मला शिकवलं ते बी असंच, मॅडम.
एकाच जाळावर हलगी शेकायची
अन् त्याच जाळावर पत्रा तापवायचा.
जनावर वर उभं करायचं, वाजवायचं.
सात दिवस.
आठव्या दिवशी पत्रा थंडाच ऱ्हातो,
तरी बी पाय उचलतंय.
लोक त्याला नाच म्हणत्यात."
मग जरा वेळानं :
"हरभरा भिजवून घालता का वो तिला?
कोरडा नका घालू. तोंड दुखतंय तिचं."

कलम अकरा. पहिला गुन्हा.
दंड दहा रुपयांहून कमी नाही, पन्नासाहून जास्त नाही.
साठ सालचा आकडा.
तेव्हा पन्नासात काय काय येत असेल!
कोर्टात इरबानं पाचशेची नोट पुढं केली,
सुट्टे कुणाकडंच नव्हते.
शेवटी पन्नास मी दिले.
अजून परत यायचेत.

मॅडम म्हणतात, नवा मसुदा तयार आहे,
दंडाच्या आकड्याला शून्यं लागतील.
लागोत.
एक रकानाही वाढवा म्हणावं.

पण हे सगळं नंतरचं.
त्याआधी नऊ रात्री ती ठाण्यामागं होती,
लिंबाखाली, अपघातातल्या मोटारसायकलींच्या रांगेत,
लगाम नाही, नुसतं सुती दावं.
पाचव्या रात्री थंडी अशी
की पहाऱ्यावरच्या पोरानं जुने टायर पेटवायला काढले,
मी नको म्हटलं. जाळ नको, आज इथं जाळ नको.

बारा वाजून गेल्यावर रस्त्यानं वरात आली.
दहानंतर वाजवायला बंदी आहे. तोही कायदाच.
हलगी कडाडली.
उठून दटावायला हवं होतं मी,
पण काजळीनं कान टवकारले होते.

पुढचा डावा पाय उचलला.
मग उजवा.
कुणी धरलेलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं माझ्याशिवाय,
जप्त गाड्यांच्या आरशांत ती
तुकड्या-तुकड्यांनी नाचत होती,
एकात खूर, एकात डोळा,
एका तडकलेल्यात नुसता वाफेचा श्वास.
वरात नाक्यावरून वळली, आवाज बारीक झाला,
मिटला.
ती थांबेना.

मी गेले. जवळ वाकले.
तळहात जमिनीला टेकवला.
थंड होती.
दुसराही टेकवला,
आणि रात्रपाळीच्या पोरानं ऐकलं तर ऐको,
तिला म्हटलं,
थंड आहे गं.
बघ, थंड आहे.