गोडी बाव

चाफे फाट्याच्या अलीकडचा पंप आज बंद.
नोझलांवर पिशव्या चढवल्यात, दोरीला लाल चिंधी,
तरी ट्रकवाले वेग कमी करून ओरडतात,
डिझेल कधी?

सकाळपासून तीन भोकं पाडली.
जांभ्यात ऑगर आधी हुज्जत घालतो,
मग एकदम आत पडतो, पोकळीत,
आणि सिद्धू म्हणतो, कुणाचं तरी घर लागलं.
हा दगडच असा. वरून कातळ, आतून मधाचं पोळं.
काही धरून ठेवत नाही, काही अडवतही नाही.

चौदा फुटांवर माती राखाडी झाली.
लाल मुलखात राखाडी म्हणजे
तिथला श्वास कोणीतरी घेऊन गेलंय.
ढेकूळ पिशवीत घातलं, तोंड बांधलं,
पाच मिनिटं उन्हात ठेवलं, मग यंत्राची नळी खुपसली.
आकडा चढत गेला,
थांबायचं विसरल्यासारखा.

नेवरेकरांनी रजिस्टरं काढून दिली, न मागता.
रोज सकाळी सहाला टाकीत दांडी बुडवून घेतलेलं माप,
अक्षर मोत्यासारखं,
आणि शेवटच्या रकान्यात
घट नऊ लिटर. घट अकरा. घट दहा.
कारण: उडाले.
आषाढात, चार दिवस ऊन नसताना,
उडाले.
पेट्रोल उडतंच हो, ते म्हणाले,
आणि त्या ओळीवर बोट तसंच राहिलं.
त्यांच्यासमोर मी गुणाकार केला नाही.
त्यांनी केलेला असावा, कधीतरी रात्री.

उताराला, दोनशे पावलांवर, जैतून परकारांची विहीर.
पाण्याला रंग नाही. फक्त ऊन तिरकं आलं
की वर एक पातळ मोरपीस हलतं.
"सात वर्षं सांगतेय. आधी भाताला वास आला,
मग न्हालेल्या केसांना.
पंचायतीचा माणूस आला, वाकला, हुंगला,
म्हणाला, चाची, तुमचं नाक म्हातारं झालं."
मी बादलीवर यंत्र धरलं.
त्या नाकाचं आणि या नाकाचं एकमत झालं.
तिला आनंद झाला नाही.
"म्हणजे होतंच," एवढं म्हणाली,
आणि काठावरचं शेवाळ नखानं खरवडत राहिली.

बाटली भरायची रीत आहे.
पाणी काठाच्याही वर फुगून आलं पाहिजे,
झाकण लावून उलटी करून बघायची,
एक बुडबुडा दिसता कामा नये.
बुडबुड्याएवढी जागा मिळाली
तरी जे शोधायचंय ते तिथं पळून बसतं
आणि कागदावर विहीर स्वच्छ निघते.
माझ्या हातून दोनदा राहिला.
तिसऱ्यांदा तिनंच बाटली उन्हाकडे धरली,
एक डोळा मिटून, सोनारासारखी.

चहा आला.
कप तोंडाजवळ नेऊन मी क्षणभर जास्त थांबलो.
"पी रे बाबा. टँकरचा आहे."

मग लेबल. नमुना सात. तारीख, वेळ, पाण्याची खोली.
ठिकाण: वि-तीन, मी लिहायला घेतलं.
तिनं पेन धरलं.
"हिला नाव आहे. इथून खाडीपर्यंत सगळ्या खाऱ्या.
माझा आजा सांगायचा,
गलबतवाले पिंपं घेऊन चढ चढून यायचे हिच्यासाठी.
गोडी बाव लिही."
रकाना बोटाच्या पेराएवढा.
मी अक्षरं बारीक केली, ती ओळीबाहेर गेली.
तिनं वाचून घेतलं, अक्षर लावून लावून,
मग पेन सोडलं.

सिद्धू पेटी बांधत होता.
लॅब पुण्याला. रात्रीची गाडी.
घाटात बर्फ टिकेल ना, मी विचारलं.
तो म्हणाला, अजून एक लादी टाकू.