गोत

तीन दिवस शिरोक्को वाहत होता,
आणि चंद्र भरलेला.
अशा रात्री मेसिनाची सामुद्रधुनी
तळापासून ढवळते स्वतःला,
आणि पहाटे वाळूवर ओकून टाकते
जे वर यायचं नव्हतं ते.

लेत्तेरिओ बादली घेऊन आला,
ओली पावलं थेट प्रयोगशाळेत.
"तिंदारा, तुझी चिल्लर."

बादलीत सात.
अंगठ्याच्या पेराएवढे, चपटे,
वर्ख चिकटवल्यासारखे,
आणि डोळे दोन्ही वर वळलेले,
ज्या आभाळाची त्यांना खबरही नाही
त्याच्याकडे.

यांचं बारसं फार जुनं :
रुपेरी कुऱ्हाड, अर्धी उघडी.
अंग म्हणजे पातं, शेपूट म्हणजे दांडा.
कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात;
इथे दांडा पाहूनच गोत कळतं.

तिंदारा भिंगाखाली मोजते.
पोटाला बारा दिवे. मग सहा. मग आणखी सहा.
मग मोकळी जागा,
मग दांड्यावर चार.
ती मोकळी जागा महत्त्वाची.
तिच्याच भरवशावर तीस वर्षं ती सांगत आली,
हा यांच्यातला, तो त्यांच्यातला,
आणि हा, थांबा, उद्या बघू.

नाक मोठं असेल तर नर.
त्या काळोखात बायको वासावरूनच शोधावी लागते.
"आमच्याकडे तेवढंही जमलं नाही,"
ती वर्गात एकदा म्हणाली होती.
मुलं हसली. ती नाही.

दिवे सगळे खाली तोंड करून.
वरून जेवढा उजेड झिरपतो
तेवढाच लावायचा, रतीभर जास्त नाही,
म्हणजे खालच्या भुकेला
आपली सावली सापडत नाही.
उजेडात लपण्यासाठी उजेड.
दरवर्षी ती हे फळ्यावर लिहिते.
पाहिलेलं नाही.
बरणीत, फॉर्मालिनमध्ये,
दिवा म्हणजे एक करडा ठिपका.

सातवा हलला.
लेत्तेरिओने न विचारता खिडकी लावली,
टेबलावरचा दिवा मालवला.
"अरे, मी अजून..."
"गप्प बस, बाई. बघ."

निळं.
निळंसुद्धा नाही, निळ्याच्या अलीकडचं काहीतरी,
बादलीच्या तळाशी, एका ओळीत.
ती सवयीने मोजू लागली,
सात, आठ, नऊ,
आणि पुढे
काळोखच हाताला लागला.

बराच वेळ कुणी दिवा लावला नाही.
"मी लहानपणापासून बघतोय," अंधारातून तो म्हणाला,
"तू कधी विचारलंच नाहीस."
मग बादली परत मागितली. मालकाची होती.

चिठ्ठीवर तिने लिहिलं
ठिकाण, तारीख,
खोलीच्या रकान्यात : वाळू.
पोटाचे दिवे : बारा.
पेन थांबलं.
कंसात, बारीक अक्षरात :
पैकी नऊ पाहिले.