अजून एक वर्ष

दस्तगीर म्हणाला, काका, टाकी गेली.
मी म्हटलं, गेली म्हणजे किती गेली?
तो हसला. त्याला वाटलं, मी घासाघीस करतोय.

एकतीस वर्षं भोसरीत बॉयलर सांभाळला मी.
अटेंडंट, पहिल्या वर्गाचा परवाना,
अजून कपाटात आहे, फोटोत केस काळे.
पाळीवर गेलं की आधी काचेतली पाण्याची रेघ बघायची,
मग भिंतीवरचा गणपती.
हा क्रम कधी चुकला नाही.
आणि हा धनकवडीतला पंचवीस लिटरचा डबा,
तपकीर गल्लीतून रिक्षानं
मांडीवर धरून आणलेला, शहाण्णवच्या डिसेंबरात,
याचं काय करायचं
ते मला तीन आठवडे ठरवता येईना.

दोनदा कॉइल बदलली, एकदा थर्मोस्टॅट.
बोअरच्या पाण्यानं आत चुन्याची भिंत बांधली,
तरी तापतो. उशिरा, कुरकुरत, पण तापतो.

मेघना फोनवर म्हणते, बाबा, पाच ताऱ्यांचा घ्या, वीज वाचते.
जावई म्हणतात, गच्चीवर सोलर.
सोसायटीचे चेअरमन म्हणतात, गच्ची सगळ्यांची आहे.
मी वहीत मांडलं: दुरुस्ती अठराशे,
नवा साडेनऊ हजार, वजा तांब्याची मोड.
दर वेळी शेवटच्या ओळीत
हात आपोआप लिहायचा,
अजून एक वर्ष काढेल.

हे वाक्य माझं नव्हे.
अठ्ठ्याऐंशी साली वर्क्स मॅनेजर गुर्जर म्हणाले होते,
आणि मी मान हलवली होती.
फेब्रुवारीत ट्यूब फुटली.
सोपान गव्हाणे समोर होता,
डावा कान, मान, कोपरापर्यंत हात.
वाचला. पुढे त्याला गेटवर बसवला.
मला बघून उजव्या हातानं सलाम करायचा.
वाफेला मी कधी भ्यालो नाही.
त्या सलामाला भ्यायचो,
मागच्या गेटनं जायचो.

रविवारी स्टुलावर चढलो.
कवच काढलं, ग्लासवूल सारलं,
लहान हातोडीनं टाकीवर टकटक केलं.
चांगला पत्रा वाजतो,
खराब पत्रा खोकतो.
खोकला.
मी पुन्हा मारली, जरा हलकी,
आपल्याच पोराचा पेपर तपासावा तशी.

कुमुद दारात उभी.
म्हणाली, उतरा आधी.
दिवाळीपासून मी पातेल्यात तापवून घेतेय.
हा टिकटिकतो. मला भीती वाटते.

सांगितलं का नाहीस?

तुम्ही बॉयलरवाले, ती म्हणाली.
तुम्हाला काय सांगायचं.

दिवाळीपासून.
म्हणजे पहाटे पाचला, मी घोरत असताना,
दुखऱ्या गुडघ्यांनी,
ओट्यापासून मोरीपर्यंत
उकळतं पातेलं दोन फडक्यांत धरून.
नंतर मी मोजली. अकरा पावलं आणि एक उंबरा.
उंबऱ्याशी मी बराच वेळ उभा राहिलो,
बाई गं, नुसता उभा.

मग खडू शोधला.
टाकीवर लिहिलं, कंडेम.
खाली तारीख, सही, परवाना नंबर.
हा अधिकार इन्स्पेक्टरचा,
माझा नोकरीत कधीच नव्हता.
अक्षर जरा वाकडं आलं.

दस्तगीर उगवला गुरुवारी.
खडू वाचून माझ्याकडे बघितलं, बोलला नाही काही.
नळी काढताना म्हणाला, पाणी सोडू का मोरीत?
आज कॉर्पोरेशनचं बंद आहे, असं म्हणत
कुमुद बादल्या घेऊन आली.
पंचवीस लिटर निघायला हवं होतं.
निघालं सोळा.
बाकी सगळा चुना, अंड्याच्या टरफलांसारखा,
त्यात पाच-सहा हिरवट कपचे.

पाणी कोमट होतं अजून, आदल्या रात्रीचं.
तिनं कोपर बुडवून बघितलं,
मेघना तान्ही असताना बघायची तसं,
आणि टॉवेल माझ्या खांद्यावर टाकत म्हणाली,
आज तुम्ही आधी.