गाभोळी

बानं शिंगाळा चिरला तेव्हा मी मागं भांडी विसळत होते.
"लाडके, इकडं ये," म्हणाला. आवाज नेहमीचा नव्हता.
पोटात एका कडेला पांढरी दुधाळ पट्टी, नराची.
दुसऱ्या कडेला
खसखशीएवढी, पिवळी,
गाभोळी.

पन्नास वर्षं पवईच्या पाण्यात पाग टाकणारा माणूस
विळीवर हात तसाच ठेवून बसला.
मग त्यानं मला विचारलं, शिजवायचा की पुरायचा?
मला.
जिला त्यानं मासा बाईचा की बाप्याचा
हे पोट दाबून ओळखायला शिकवलं होतं.

मी बाविसाव्या मजल्यावर कामाला जाते.
तिथून तळं हिरवंगार दिसतं.
कुरियनमॅडम पाहुण्यांना खिडकीशी नेऊन दाखवतात.
तो हिरवा रंग कशाचा, ते मी सांगत नाही.
पगार फरशी पुसायचा आहे.
निळं औषध फरशीला, पिवळं संडासाला,
लिंबाच्या वासाचं भांड्यांना.
बादली ओतली की मोरी एक घोट घेते
आणि ढेकर देते.
खाली कुठं जातं विचारलं एकदा प्लंबरला.
"जातं," म्हणाला.

माझा जान्या तबेल्यात.
दोनशे म्हशींचं शेण तो पहाटे पाइपानं नाल्याला लावतो.
त्याचं पाणी न् माझं पाणी
तळ्यात कुठंतरी भेटत असेल.
आमची दोघांची वेळ जुळते ती तेवढीच.

मागल्या महिन्यात प्रणोती नावाची पोरगी आली होती,
बाटल्या, दोरी, डबीएवढं यंत्र.
बानं तिला पहाटे साडेचारला होडीतून नेलं,
कारण मासे तेव्हा वर येतात,
तोंडं उघडी, गोल,
जत्रेत हरवलेल्या पोरांसारखी.
तिनं यंत्र पाण्यात सोडलं. एक पूर्णांक सहा.
"किती पाहिजे?"
"पाच तरी."
"मग हे उरलेलं कोण खातं?"
पोरगी शेवाळाचं सांगायला लागली,
रात्री ते श्वास कसा घेतं, मेलं की सडताना आणखी किती घेतं.
बा ऐकत होता. मधेच म्हणाला,
म्हणजे सावकार हिरवा आहे.

मरळ तेवढी टिकते.
ती वर येते, हवेचा घोट भरते, चिखलात परत जाते.
मरळ आणि चिलापी, बाकी पाटी रिकामी.
खवली कशी दिसायची हे मी माझ्या पोराला
हाताचा पंजा हलवून दाखवते.
तो म्हणतो, असा मासा नसतो.

शिंगाळ्याचं प्रणोतीला फोनवर सांगितलं.
थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली,
गोळ्या असतात, औषधं असतात, साबणातलंही काही काही,
नक्की सांगता येत नाही, फेकू नका, बर्फात ठेवा.
बर्फ कुठून आणायचा.
मॅडमच्या न्हाणीघरातली एकवीस गोळ्यांची पट्टी
मी रोज पुसून जागेवर ठेवते,
ती डोळ्यांसमोर आली न् गेली.

शेवटी शिजवला. चिंच जरा जास्त पडली.
घरात रीत आहे, गाभोळी लेकीची.
बानं हात आखडला,
माझ्याकडं बघितलं,
मग रीतीप्रमाणं माझ्याच ताटात वाढली.

मी उठले.
हात धुतले, दोन्ही, मनगटापर्यंत,
मॅडमनं दिलेल्या लिंबाच्या साबणानं.
फेस ओट्यावरून उतरला,
कुडाच्या कडेनं वळला,
नाल्याच्या वाटेला लागला.
वाट त्याला पाठ होती.