धडा

टिंब द्यायचं आणि थांबायचं.
पापणी लवायच्या आत यादी खाली उतरते,
हवं ते नाव बहुतेकदा वरून दुसरं.
पंधरा वर्षं मी असंच लिहीत आलेय,
अर्धा शब्द माझा, उरलेला त्याचा.
चुकलं की खाली लाल नागमोडी रेघ,
शाळेतल्या बाईंसारखी, पण न रागावता.
खोटं कशाला बोलू, सुख आहे हे.
याच सुखावर पवईत वन बीएचके घेतलाय.

तुस्कानो सर रिटायर होऊन वसईला गेले
आणि त्यांचा वजनकाट्याचा प्रोग्राम माझ्याकडे आला.
रिकाम्या ट्रकच्या वजनाला त्यांनी नाव दिलं होतं: धडा.
डी एच ए डी ए.
वाण्याच्या दुकानातला शब्द, मी म्हटलं,
आणि उजवं क्लिक करून सांगितलं, सगळीकडे बदल.
दोनशे चौदा ठिकाणी टेअर झालं.
एका सेकंदात.
एकही लाल रेघ नाही.
मी चहा प्यायला गेले.

शुक्रवारी रात्री साडेदहाला दारूखान्यातून फोन:
मॅडम, काटा गाडीलाच माल समजतोय.

पत्र्याची केबिन, भंगाराचे अकरा ट्रक रांगेत.
काट्यावरचे कोयंडे म्हणाले,
तुमची वायर घुसवायला भोकच नाय ह्याला.
मशीन माझ्या लग्नाआधीचं, इंटरनेट नाही.
काळा पडदा, लुकलुकता एक चौकोन.
मी टिंब दिलं.
थांबले.
टिंब टिंबासारखंच राहिलं.

फाइल उघडायची आज्ञा,
दिवसातून वीसदा वापरते मी ती,
तिचं पूर्ण नाव मला येत नव्हतं.
आद्याक्षर आठवत होतं फक्त,
दारावरची पाटी काढल्यावर शेजाऱ्याचं आठवावं तसं.

तुस्कानो सर प्रोग्राम मोठ्याने वाचायचे.
कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावर,
बोट ओळीखाली धरून.
आम्ही पॅन्ट्रीत त्यांची नक्कल करायचो.

मी मोठ्याने वाचायला लागले.
घसा सुकला.
आणि एका ओळीला कोयंडे म्हणाले, टेअर कोण?
हितल्या फायलीत तर धडा लिवलाय, पैल्याच ओळीत.

लिहिला होता.
ही फाइल या पत्र्याच्या केबिनीत होती,
माझ्या खिडकीत कधीच उघडलेली नव्हती.
त्याला दिसली नाही, त्याने बदलली नाही.
मला दिसली असती.
मी चहा पीत होते.

पाच अक्षरं हाताने टाइप केली.
अर्धविराम विसरले. दोनदा.
मशीनने नुसता ओळीचा आकडा सांगितला,
पुढचं तुमचं तुम्ही बघा.
पावणेदोनला काटा जागेवर आला.
पहिला ट्रक हलला तेव्हा कोयंडे म्हणाले,
बाप माझा भायखळ्याला कांदे तोलायचा.
तागडीत आधी धडा, मग माल.

सोमवारी ऑफिसात टिंब दिलं.
यादी उतरली.
निवडलं मी, वरून दुसरं.
मग टेअरचं परत धडा करायला घेतलं,
या वेळी एकेका जागी जाऊन, बघून, हाताने.
सत्त्याऐंशीपर्यंत.
मग कंटाळा आला,
उरलेली त्यालाच सांगितली.

प्रिंट मात्र काढला.
आजूबाजूला कोणी नाही असं बघून
पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.