चारशे बारा गुंडाळ्या

हाल्वोर स्टेन्सरूड गेले त्या आठवड्यात
पारा उणे तिसाच्या खाली होता.
जमीन खणता येईना,
म्हणून ते अजून थांबलेत एप्रिलची वाट बघत
दफनभूमीच्या दगडी कोठीत,
जी त्यांनीच बांधली एकोणीसशे अकरात
आणि जिचं बिल गावानं आजवर चुकवलेलं नाही.

एकतीस वर्षं मी त्यांच्याकडे शाई भरली.
ते पेन्सिलीनं ओढायचे, मी मेणकापडावर गिरवायचे.
उत्तरेचा बाण, भिंतींची जाडी,
‘कोळसा’, ‘संडास’, ‘न्यायाधीश’,
ही अक्षरं माझी.

चारशे बारा गुंडाळ्या. दोनदा मोजल्या.
कोर्टं सात, वाचनालयं एकोणीस,
शाळा किती ते विचारू नका.
बँका निम्म्या एकाच हिवाळ्यात बुडाल्या,
खांब तेवढे राहिले रस्त्यावर,
लग्न मोडल्यावर मांडव राहतो तसे.
डॉक्टर हॅगलंडच्या बायकोला बुरूज हवा होता.
बांधला.
ती त्यात एकदाच चढली,
आणि गहू दिसतो नुसता, म्हणाली.

ग्रॅनविकची शाळा आणि ओल्सबर्गचा तुरुंग
हा एकच नकाशा आहे, उलटा धरलेला.
ऑगस्ट होता, दोन्ही गावांना घाई.
‘मुलांना उजेड डावीकडून लागतो,’ ते म्हणाले,
‘कैद्यांना कुठूनही चालेल.’
मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले
आणि तुरुंगाच्या खिडक्या वीतभर वाढवल्या.
मला सगळं पान पुन्हा गिरवावं लागलं.
शेरीफनं पुढे जाड गज बसवून घेतले, वेगळे पैसे मोजून.

लोक म्हणायचे, स्टेन्सरूड सगळीकडे तोच जिना घालतो.
खरं आहे. साडेसहा इंचांची पायरी,
चर्चला तीच, धान्य बाजाराला तीच.
मी एकदाच विचारलं.
‘आई माळ्यावर निजायची,’ म्हणाले,
‘बर्गनच्या पलीकडे. शिडी होती.’
पुढचं त्यांनी पेन्सिल तासण्यात घालवलं.

स्वतः मात्र खिळे-मोळ्यांच्या दुकानावर, भाड्यानं.
जिना बाहेरून, लोखंडी, खडा,
कुणा भलत्याच माणसानं काढलेला.
दर हिवाळ्यात नॉर्वेजियन शिव्या घालत चढायचे.
घर कधी काढलं नाहीत का, असं
मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं
की नको, अजून ठरत नाही.

गुंडाळ्यांसाठी काउंटीनं कोर्टाचं तळघर देऊ केलंय.
त्या तळघराला डांबराचा थर हवा
हे मीच लिहिलं होतं, कोपऱ्यात, सुवाच्य.
कमिशनरांनी लाल रेघ मारली,
चाळीस डॉलर वाचले.
दर वसंतात तिथे घोट्याएवढं पाणी असतं.

मी घरी नेतेय. घसरगाडीवरून, खेपेला तीस.
चौदा खेपा होतील, वारा पडला तर दोन दिवसांत.
माझ्या दाराला तीनच पायऱ्या.
मोजून पाहिल्या नाहीत कधी.